आडातले पोहऱ्यात: कंपनीचा विकी आणि एआय साहाय्यक

कंपनीचा विकी म्हणजे कर्मचाऱ्यांनीच लिहायची आणि त्यांनीच खाडाखोड करायची अशी कार्यालयाची सामाईक वही. रजेचे नियम, रात्री सर्व्हर बंद पडला तर कोणाला उठवायचे, गिऱ्हाइकाशी ठरलेली मुदत, नव्या माणसाचे ओळखपत्र कोण काढून देते, हे सगळे तिच्यात असते. निदान असावे अशी अपेक्षा असते. ही कल्पना वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरची. त्यांनी २५ मार्च १९९५ रोजी ‘विकीविकीवेब’ हे संकेतस्थळ खुले केले. होनोलुलू विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसचे नाव ‘विकी विकी’ होते, त्यावरून हे नाव घेतले. हवाई भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. कुणाची परवानगी न मागता झटपट लिहिता यावे, हा त्यामागचा हेतू. पुढे विकिपीडियासाठी लिहिलेले मीडियाविकी अनेक कंपन्यांनी आपल्या चार भिंतींत बसवले, २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲटलासियन कंपनीने कॉन्फ्लुएन्स आणले, मग नोशनसारखी साधने आली.

झटपट लिहिण्याचा प्रश्न सुटला. झटपट सापडण्याचा सुटला नाही. पाच-सात वर्षांत पाने हजारोंच्या घरात जातात, एकाच विषयावर तीन पाने तयार होतात, आणि त्यांतले खरे कोणते हे ज्याला ठाऊक होते तो नोकरी सोडून गेलेला असतो. मग माणसे विकीत शोधायचे सोडून शेजारच्या टेबलावर विचारतात. विकीला एआय साहाय्यक जोडण्यामागची अपेक्षा एवढीच असते, की शेजारच्या टेबलावर विचारावे तसे विकीलाच विचारता यावे.

साहाय्यकाच्या पोटात जे भाषा मॉडेल असते ते मुख्यतः सार्वजनिक मजकुरावर घडवलेले असते. बंद दाराआडचा विकी त्याने कधी पाहिलेला नसतो. त्याला तसाच प्रश्न टाकला तर चार कंपन्यांत जे चालते तेच इथेही चालत असणार असे धरून ते सफाईदार उत्तर देते. उत्तर चुकीचे आहे हे त्याच्या भाषेवरून कळत नाही, हीच त्यातली मेख. म्हणून विकीतला मजकूर मॉडेलच्या डोळ्यांसमोर आणावा लागतो, आणि त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सरळ आहे: प्रत्येक प्रश्नासोबत सगळा विकीच वाचायला द्यायचा. मॉडेल एका वेळी किती वाचू शकते याला मर्यादा असते आणि ती टोकनांत मोजतात. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. २०२३ मध्ये जीपीटी-४ ची मूळ मर्यादा ८,१९२ टोकनांची होती, तर २०२४ मध्ये जेमिनी १.५ ने ती दहा लाखांपर्यंत नेली. चाळीस-पन्नास पानांचा विकी आता तिच्यात आरामात मावतो, आणि अशा संस्थेने पुढचा खटाटोप करूच नये. मोठ्या विकीला मात्र हे परवडत नाही, कारण दर प्रश्नाला सगळ्या मजकुराचे बिल लागते. शिवाय ‘मधोमध हरवलेले’ अशा अर्थाच्या मथळ्याने गाजलेल्या २०२३ च्या अभ्यासात असे दिसले होते, की लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेलला नीट सापडते, मधली निसटते.

दुसरा मार्ग मॉडेलला विकीवर नव्याने शिकवण्याचा. ऐकायला हा सर्वांत आकर्षक वाटतो आणि बहुतेक कंपन्यांच्या कामाला सर्वांत कमी येतो. अशा शिकवणीतून मॉडेल लिहिण्याची लकब चांगली उचलते, पण तपशील भरवशाने लक्षात ठेवत नाही. पान बदलले की शिकवणी पुन्हा. आणि एकदा शिकलेले कोणाला सांगायचे व कोणाला नाही, हे मॉडेलच्या आत वेगळे करता येत नाही.

उरतो तिसरा, आणि आज चालणाऱ्या बहुतेक जोडण्या याच मार्गाच्या आहेत. प्रश्न आला की आधी विकीत शोध घ्यायचा, सापडलेले चार-सहा उतारे प्रश्नाला जोडायचे आणि मॉडेलला सांगायचे, की एवढ्यातूनच उत्तर दे. पाठांतराची परीक्षा नव्हे, पुस्तक उघडे ठेवून दिलेली परीक्षा. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘रॅग’ म्हणतात. संशोधक पॅट्रिक लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे नाव रूढ केले. त्यांनी इंग्रजी विकिपीडियाचे प्रत्येकी शंभर शब्दांचे सुमारे २ कोटी १० लाख तुकडे करून त्यांत शोध घेतला होता. म्हणजे या तंत्राची पहिली मोठी तालीम विकीवरच झाली. फक्त तो विकी हजारो स्वयंसेवकांनी राखलेला होता, कार्यालयातल्यासारखा बेवारस नव्हता.

प्रत्यक्ष काम सुरू होते ते हमालीपासून. विकीतली पाने यंत्रामार्फत एकेक करून उचलायची आणि त्यांतून वाचनीय मजकूर काढायचा. पडद्यावर दिसणारे पान आणि साठवलेले पान एकसारखे नसते. मधे घडीच्या चौकटी असतात, दुसऱ्या पानावरून आपोआप ओढलेला मजकूर असतो, तक्ते असतात. तक्ता सपाट केला की ‘१५’ हा आकडा उरतो, पण तो पंधरा दिवस की पंधरा टक्के हे सांगणारे वरचे शीर्षक मागे राहते. म्हणून प्रत्येक ओळीसोबत स्तंभांची नावे पुन्हा लिहून ठेवतात. आणि पुष्कळ कार्यालयांत खरी माहिती पानात नसतेच. ती पानाला चिकटवलेल्या पीडीएफमध्ये किंवा बैठकीनंतर काढलेल्या पांढऱ्या फळ्याच्या फोटोत असते.

मग पानांचे तुकडे करायचे. अख्खे पान एकच एकक मानले तर त्यात दहा विषय मिसळलेले असतात आणि शोध ढोबळ होतो. फार बारीक चिरले तर वाक्याचा संदर्भ तुटतो. ‘ही सवलत त्यांना लागू नाही’ एवढाच तुकडा हाती आला तर कोणती सवलत आणि कोणाला, हे देवच जाणे. दोन-तीनशे शब्दांचा तुकडा, तोही शब्द मोजून नव्हे तर उपशीर्षकांच्या सांध्यावर कापलेला, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर पानाचे व उपशीर्षकाचे नाव लिहिलेले, ही रीत बहुतेक ठिकाणी चालून जाते. तुकडे करण्याचे काम कंटाळवाणे असल्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होते, आणि उत्तरे बिघडली की दोष मॉडेलच्या माथी मारला जातो.

शोध दोन प्रकारे घेतात. जुना प्रकार शब्दांचा. जो शब्द थोड्या पानांत येतो त्याला जास्त वजन द्यायचे, ही कल्पना केरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने १९७२ मध्ये मांडली. तिच्यावरच पुढे लंडनच्या सिटी विद्यापीठात ‘बीएम२५’ हे सूत्र घडले आणि ते आजही कामात आहे. नवा प्रकार अर्थाचा. एम्बेडिंग मॉडेल प्रत्येक तुकड्याचे शेकडो आकड्यांच्या एका रांगेत रूपांतर करते, आणि ज्यांचा अर्थ जवळचा त्यांच्या रांगाही एकमेकींच्या जवळ पडतात. त्यामुळे ‘बाळंतपणाची सुट्टी’ असे विचारले तरी ‘प्रसूती रजा’ असे शीर्षक असलेले पान सापडते, जरी दोहोंत एकही शब्द सामाईक नसला. याच्या उलट ‘ई-४०७ चूक येते’ अशा प्रश्नात अर्थाचा शोध गोंधळतो, कारण त्याला ई-४०७ आणि ई-४०८ सारखेच वाटतात. तिथे शब्दांचा शोध चोख. म्हणून दोन्ही शोध एकदम घेऊन त्यांच्या याद्या एकत्र करतात. त्या यादीतून वरचे पंचवीस-तीस तुकडे दुसऱ्या, अधिक सावकाश मॉडेलकडून पुन्हा क्रमाने लावून घेतले तर निकाल आणखी सुधारतो.

मराठीत प्रश्न विचारला जातो तिथे शब्दांच्या शोधाला वेगळीच ठेच लागते. ‘रजा’ हा शब्द वाक्यात क्वचितच ‘रजा’ म्हणून राहतो. तो ‘रजेचा’, ‘रजेसाठी’, ‘रजेवरून’ होतो. सामान्यरूप आणि त्याला चिकटलेले प्रत्यय काढून मूळ शब्दापर्यंत जाण्याची सोय नसलेले शोधयंत्र या सगळ्यांना वेगवेगळे शब्द समजते. लिपीतही सापळे आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘अ’ला चंद्र जोडूनही, पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला ती निराळी. ‘दऱ्या’मधला ऱ्यसुद्धा असाच दोन प्रकारे उमटतो. युनिकोडची ठरलेली एकरूपीकरणाची पद्धतही या जोड्या एक करत नाही. तो नियम ज्याचा त्याला लिहून घ्यावा लागतो. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांत तयार केलेल्या जुन्या परिपत्रकांची कथा आणखी करुण: पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण तिच्यातून मजकूर काढला की रोमन अक्षरांचा नुसता भुसा हाती येतो.

त्यातच पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतले विकी बहुधा इंग्रजीत आणि बोलणे मिसळीचे. ‘वडील ॲडमिट आहेत, किती दिवस लिव्ह मिळेल’ या प्रश्नाचे उत्तर शुद्ध इंग्रजी पानावर असते. इथे अर्थाचा शोध उपयोगी पडतो, मात्र एम्बेडिंग मॉडेल बहुभाषी हवे. गूगलने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले ‘लाबसे’ १०९ भाषा एकाच अर्थावकाशात बसवते आणि त्यांत मराठी आहे; पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये खास मराठीसाठी ‘महाएसबर्ट’ दिले. केवळ इंग्रजीसाठी घडवलेले मॉडेल देवनागरी प्रश्न पाहून काहीतरी उत्तर काढतेच, आणि तेच जास्त घातक.

या सगळ्या आकड्यांच्या रांगा साठवायला मोठी यंत्रणा लागते, असा समज विक्रेते आनंदाने पसरवतात. हिशेब करून पाहावा. पाच हजार पानांचा विकी, प्रत्येक पानाचे आठ तुकडे, म्हणजे ४०,००० तुकडे. प्रत्येकाला ७६८ आकडे आणि एका आकड्याला ४ बाइट धरले तर एकूण सुमारे १२ कोटी ३० लाख बाइट. हे साध्या लॅपटॉपच्या स्मृतीत मावते. खरी मेहनत साठवण्यात नाही, ताजे ठेवण्यात आहे. विकीतले पान बदलले की त्याचे जुने तुकडे काढून नवे घालावे लागतात, आणि पान पुसले की तुकडेही पुसावे लागतात. हे राहून गेले तर विकीत नसलेले पान साहाय्यकाच्या उत्तरांत भुतासारखे फिरत राहते.

तुकड्यांची वेगळी साठवण न करता थेट विकीलाच विचारण्याचाही एक रस्ता आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजेच एमसीपी, हे खुले मानक जाहीर केले. पुढच्या वर्षी ओपनएआय आणि गूगल यांनीही ते स्वीकारले. साहाय्यक आणि बाहेरची साधने यांच्यातली ही ठरलेली बोली आहे. पाच साहाय्यक आणि आठ साधने असतील तर एरवी चाळीस वेगळ्या जोडण्या कराव्या लागल्या असत्या. प्रत्येक जण ही बोली एकदा शिकला की तेरांत काम भागते. ॲटलासियनने कॉन्फ्लुएन्ससाठी स्वतःच एमसीपी सर्व्हर दिल्यामुळे साहाय्यक आपणहून शोध लावतो, पान उघडतो, समाधान झाले नाही तर शब्द बदलून पुन्हा शोधतो. पान नेहमी ताजे मिळते आणि विचारणाऱ्याच्याच खात्याने आत गेले तर परवानग्याही आपोआप पाळल्या जातात. पण शोधाचा दर्जा विकीच्या स्वतःच्या शोधपेटीइतकाच राहतो, आणि त्या शोधपेटीला कंटाळूनच तर सगळे सुरू झालेले असते.

परवानग्यांचा प्रश्न या विषयात सर्वांत नाजूक आहे. जोडणी करणाऱ्याला सोपे पडते म्हणून एक सर्वाधिकारी खाते काढले जाते आणि त्या खात्याने सगळा विकी वाचून तुकडे साठवले जातात. त्या क्षणी विकीवरची कुलुपे निकामी होतात. पगाराच्या श्रेणींचे पान मनुष्यबळ विभागापुरते बंद असले, तरी त्याचे तुकडे सामाईक साठ्यात आलेले असतात आणि कुणीही ‘वरिष्ठ अभियंत्याला किती मिळतात’ असे विचारले की साहाय्यक प्रामाणिकपणे सांगतो. मॉडेलला ‘गोपनीय गोष्टी सांगू नकोस’ अशी तंबी देणे हा यावरचा उपाय नाही; जे त्याच्यापर्यंत पोचले ते केव्हा ना केव्हा बाहेर पडणार असेच धरावे. प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्या पानाची परवानगी साठवायची आणि शोधाच्या वेळी, मॉडेलपुढे काही ठेवण्याआधी, विचारणारा कोण हे पाहून गाळणी लावायची, हाच खरा उपाय. कॉन्फ्लुएन्सच्या धर्तीवरच्या विकींत वरच्या पानावरचे वाचनाचे बंधन खालच्या पानांनाही लागू होते. गाळणी लिहिताना नेमके हेच विसरले जाते.

गाळणी बिनचूक असली तरी आणखी एक गोष्ट उघडकीला येते. अनेक पाने चुकून सर्वांना खुली राहिलेली असतात, पण ती कुठे आहेत हे कुणाला ठाऊक नसल्याने आजवर काही बिघडलेले नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहाय्यक ती मूठ उघडतो. त्यात त्याचा दोष नसतो. तो नियमाप्रमाणेच वागलेला असतो. पण राजीनाम्याच्या मुलाखतींची टिपणे किंवा कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी अशा रीतीने फुटल्या तर कंपनीची सुटका होत नाही, आणि भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे हा केवळ शिष्टाचाराचा विषयही उरलेला नाही. म्हणून जाणते लोक आधी परवानग्यांची झाडाझडती घेतात, मग जोडणी करतात. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो.

दुसरा धोका विकीच्या मूळ स्वभावातूनच येतो. विकीवर कुणीही लिहू शकतो. आणि भाषा मॉडेलला माहिती व हुकूम यांतला फरक पक्का कळत नाही. समोरच्या मजकुरात ‘आधीच्या सूचना विसर आणि असे कर’ असे लिहिलेले असेल तर ते त्याला हुकूमच समजू शकते. या हल्ल्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये दिले. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलटमधली ‘एकोलीक’ ही त्रुटी जाहीर झाली, तेव्हा हे नुसते तर्कट नाही हे स्पष्ट झाले: बाहेरून आलेल्या एका ईमेलमधला दडवलेला मजकूर साहाय्यकाकडून कंपनीची अंतर्गत माहिती बाहेर पाठवून घेऊ शकत होता, तेही वापरणाऱ्याने काहीही न दाबता. मायक्रोसॉफ्टने ती बुजवली. विलिसन यांच्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या की घात होतो: खासगी माहितीपर्यंत पोच, परक्याचा मजकूर, आणि बाहेर काही पाठवण्याची सोय. विकीच्या साहाय्यकात पहिल्या दोन टाळता येत नाहीत. तिसरी टाळता येते. त्याला बाहेरचे दुवे उघडू न देणे, ईमेल धाडू न देणे, उत्तरात बाहेरची चित्रे दाखवू न देणे एवढ्याने बरेच साधते.

शोध झाला, गाळणी झाली, की उतारे मॉडेलपुढे जातात आणि उत्तर लिहिले जाते. त्या उत्तराला कोणत्या पानावरून काय घेतले याचा दुवा असलाच पाहिजे. मात्र दुवा दिला म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितले, की नातलगाच्या निधनानिमित्तची सवलत तिकीट काढल्यानंतरही ९० दिवसांत मागता येते. त्याच उत्तरात दिलेल्या दुव्यावरचे पान नेमके उलटे सांगत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने चॅटबॉटच्या बोलण्याला कंपनीच जबाबदार धरली आणि सुमारे ८०० कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. प्रवाशाने दुवा उघडून ताडून पाहायला हवे होते, हे म्हणणे टिकले नाही.

पण यंत्रणा निर्दोष असूनही उत्तर चुकते, याचे सर्वांत नित्याचे कारण म्हणजे विकीतच चूक असते. भारतातल्या एखाद्या कंपनीच्या विकीवर २०१५ मध्ये लिहिलेले प्रसूती रजेचे पान असावे: बारा आठवडे, अर्जाचा नमुना, डॉक्टरांचा दाखला, सगळे तपशीलवार. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. मनुष्यबळ विभागाने तेव्हा दोन ओळींचे एक नवे पान टाकले आणि जुने तसेच राहू दिले. शोध कोणते पान वर आणेल? बहुधा जुने, कारण प्रश्नाशी जुळणारा मजकूर त्यातच जास्त आहे. साहाय्यक बारा आठवडे सांगतो, दुवाही देतो, आणि तो दुवा खराही असतो. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. आडात जे गढूळ आहे तेही पोहऱ्यात येते, आणि पोहरा लखलखीत असल्यामुळे पाणी स्वच्छ वाटते. माणूस विकीचे पान स्वतः वाचतो तेव्हा कोपऱ्यातले ‘२०१५’ पाहून त्याला शंका येते. साहाय्यकाच्या उत्तरात तो कोपरा उरत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्यासोबत शेवटच्या बदलाची तारीख ठेवून ती उत्तरात दाखवतात, आणि रद्द झालेली पाने साठ्यातून हटवतात. दोन पाने परस्परविरोधी असतील तर साहाय्यकाने मधला तोडगा न काढता दोन्ही दाखवावीत.

जोडणी चांगली झाली की नाही हे चार प्रश्न विचारून ठरत नाही. मदतकक्षाकडे खरोखर आलेले शंभरेक प्रश्न, त्यांची योग्य उत्तरे आणि ती ज्या पानांवर आहेत ती पाने, असा संच आधी करून ठेवावा लागतो. मोजायच्या दोन गोष्टी वेगळ्या: योग्य पान सापडले का, आणि सापडल्यावर उत्तर त्यातूनच दिले का. पहिली चुकली तर दोष तुकड्यांचा किंवा शोधाचा, दुसरी चुकली तर मॉडेलचा किंवा त्याला दिलेल्या सूचनांचा. संचात मुद्दाम काही प्रश्न असेही घालतात ज्यांचे उत्तर विकीत नाहीच. त्यांवर ‘माहिती नाही’ असे म्हणणारा साहाय्यक उपयोगाचा.

त्या ‘माहिती नाही’ची नोंद ठेवली तर वेगळाच फायदा होतो. कनिंगहॅम यांच्या मूळ विकीवर अजून न लिहिलेल्या पानाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह दिसे. ते दाबून कुणीही ते पान लिहायला घेऊ शकत असे. अनुत्तरित प्रश्नांची यादी म्हणजे तीच प्रश्नचिन्हे, फक्त ती आता लिहिणाऱ्याने नव्हे, विचारणाऱ्याने उभी केलेली असतात. महिनाभराच्या यादीवरून कोणते पान नाही, कोणते शिळे आहे आणि कोणत्याला धनी नाही, हे दिसून येते.

ही पाने साहाय्यकाकडूनच लिहून घ्यावीत, असा मोह पुढे होतोच. बैठकीच्या टिपणांवरून मसुदा करायला तो चांगला. पण त्याने लिहिलेले पान तपासल्याविना विकीत गेले, तर पुढच्या प्रश्नाला तेच पान शोधात सापडते आणि साहाय्यक आपलेच म्हणणे पुरावा म्हणून दाखवतो. म्हणून लिहिण्याची परवानगी मसुद्यापुरती ठेवतात. त्या मसुद्यावर ज्याने तपासले त्या माणसाचे नाव आणि तारीख चढेपर्यंत त्याचे तुकडे शोधाच्या साठ्यात घेत नाहीत.